एकशे ऐंशीची खूण

दोन पिंपं. उंची तीच, घेर तोच, निळा रंगही तोच. एक पिंप एकटा हमाल तिरकं करून बुडाच्या कडेवर फिरवत नेतो. दुसऱ्याला दोघं लागतात, आणि त्यातला एक शिव्या देतो.

•

मागची मोरी फक्त थंडीत तुंबते.

•

एका माणसाने एकदा रिकाम्या टाकीत बादल्या तोलून तोलून पाणी ओतलं आणि दर खेपेला काठीवर चाकूने खूण केली. वरच्या टोकाला कोरलं: किलो.

•

घरच्या साबणाने हात फुटतात. गिऱ्हाइकं तो अंगाला लावत नाहीत, कॉलरला लावतात. मालकांना हे सांगायची कुणाची टाप नाही.

•

"बाई, तुमचं लोशन फार चिकट हो. बाटलीतून निघताना निरोप घेत बसतं."

•

धाकट्याने आरशात स्वतःचे दात पाहिले आणि तोंड मिटलं.

•

बावन्न किलो कमी.

तळ

तिसऱ्यांदा.

साबणाच्या त्या कारखान्यात शेजारशेजारच्या खोल्यांत दोन टाक्या होत्या, एकाच कारागिराने एकाच मापाच्या केलेल्या. एकीत खोबरेल. ती थोरल्या सुनेच्या ताब्यात, तिच्यातून साबण होई. दुसरीत ग्लिसरिन. ती धाकट्या सुनेची. तिने नुकतंच सुरू केलेलं हाताचं लोशन तिच्यातून होई. कारखाना सासऱ्यांचा. कामगार त्यांना मालक म्हणत, घरचे बाबा म्हणत. थोरला मुलगा माल घेऊन सतत बाहेरगावी असे, म्हणून या भानगडीत तो नाही. नशीबवान.

तेल काय नि ग्लिसरिन काय, विकत यायचं ते वजनावर. पिंपावर किलो छापलेले असत. पिंप रिकाम्या टाकीत ओतायचं, बाबांची काठी तळाला टेकवायची, ओल जिथवर चढली ती खूण वाचायची. खूण आणि छापील आकडा जुळला की बाबा "हं" म्हणत. त्या घरात "हं" ही मोठी शाबासकी होती.

ग्लिसरिनचं पहिलं पिंप बावन्न किलो कमी भरलं, तेव्हा सगळे म्हणाले, गळलं असेल. दुसरं कमी भरलं, तेव्हा म्हणाले, विकणारा लबाड आहे. म्हणून तिसरं पिंप धाकट्या मुलाने स्वतः नाक्यावरच्या वजनकाट्यावर चढवलं. रिकाम्या पिंपाचं वजन वजा जाता बरोबर अडीचशे किलो. संध्याकाळी ते धाकटीच्या खोलीत ठेवलं, कुलूप लागलं. सकाळी तिने ते टाकीत ओतलं. थोरलीने काठी बुडवली.

एकशे अठ्ठ्याण्णव.

"म्हणजे मधल्या वेळात गेलं," बाबा म्हणाले. "आणि त्या खोलीची किल्ली एकच."

सगळ्यांनी धाकटीच्या गळ्याकडे पाहिलं. किल्ली तिथे दोऱ्यात होती. तिने ती नकळत मुठीत झाकली, आणि ते आणखीच वाईट दिसलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत खरं काय ते कळलं नाही," बाबा म्हणाले, "तर हिने कारखान्यात पाऊल टाकायचं नाही."

"मग घरात तरी कशाला?" कुणीतरी म्हणालं.

तो तिचा नवरा होता.

पन्नास

बाबांनी पोलिसांऐवजी बहिणीला बोलावलं. आत्या वजनमापे खात्यातून निवृत्त झालेली. उभा जन्म दुकानदारांचे तराजू उलटे करून बघण्यात गेलेला. आल्या आल्या तिने चहाचा कप संपवला, उलटा केला आणि बूड तपासलं.

"पोलीस नकोत म्हणून मला बोलावलंस, दादा, की मी फुकट म्हणून?"

"छोटे, वाकडं बोलू नकोस. घरात चोर आहे."

"चोर असेलच. आधी काय चोरीला गेलं ते बघू."

पहिल्यांदा तिने धाकट्याला गाठलं. तो पाकिटांच्या ढिगामागे बसला होता, लहानपणी रुसून बसायचा तसाच.

"त्या ग्लिसरिनवाल्याचे दात बघितलेस, आत्या?"

"दातांनी बावन्न किलो उचलून नेले?"

"थट्टा नको. तो आला की ही हसते."

"आणि तू आलास की?"

"मी आलो की म्हणते, पाय पुसून ये." त्याने एक पाकीट उगाच चुरगळलं. "काल संध्याकाळी पिंप ठेवलं ना, तेव्हा हिने लगेच सील तोडलं. कशाला? तर म्हणे वास बघायचाय. झाकण उघडून दोघं एकाच पिंपावर वाकून उभे. एकाच पिंपावर!"

"पिंप कितपत भरलेलं होतं?"

"मला काय माहीत? मी त्या दोघांकडे बघत होतो."

"बघत होतास ना? मग आठव."

"आठवायचं कशाला, डोळ्यांसमोरून जात नाही. ही जराशी वाकली तर हिच्या नाकाच्या शेंड्याला लागलं. त्याने रुमाल दिला. स्वतःचा रुमाल, आत्या! इस्त्रीचा!"

"जराशी वाकली तर लागलं," आत्या म्हणाली. "म्हणजे पिंप काठोकाठ होतं."

"मी रुमालाचं सांगतोय."

"आणि मला पिंप कळलं. तुझा मत्सर फार कामाचा आहे रे. एवढं बारीक माझ्या निरीक्षकांनी कधी पाहिलं नाही."

मागच्या अंगणात प्लंबर मोरीत सळई घालून बसला होता. "या मोरीने मला जगवलंय," तो आत्याला म्हणाला. "दर थंडीला बोलावणं. उन्हाळ्यात ओळखसुद्धा दाखवत नाही." त्याने सळई ओढली आणि टोकावरचा पांढरा गोळा फरशीवर झटकला.

आत्याने तो उचलला. प्लंबर म्हणाला, "अहो बाई, घाण आहे ती!"

तिने गोळा चिमटीत धरून ठेवला. बोटांच्या उबेने तो ओला व्हायला लागला. मग तिने तो हुंगला, आणि कारखान्याच्या खिडकीकडे पाहिलं.

खिडकीतून थोरली बघत होती.

शंभर

थोरली साबणाच्या लादीतून तारेने वड्या कापत होती. हात सुरेख चालत होते. हातांची कातडी मात्र उन्हात पडलेल्या दोरीसारखी फुटली होती.

"तुझं तेल कधी कमी भरलं?" आत्याने विचारलं.

"कधीच नाही, आत्याबाई. एकशे ऐंशीचं पिंप, एकशे ऐंशीची खूण. ना वर, ना खाली."

"एकदाही नाही?"

"विचारा बाबांना. सासूबाईंच्या हातचंही असंच होतं म्हणतात."

"कधी म्हणतात?"

"कधी म्हणत नाहीत ते विचारा." तार खाली आली, वडी वेगळी झाली.

"आणि धाकटीचं काय?"

"ती नवीन आहे. नव्याचं कौतुक असतंच." आणखी एक वडी. "तिच्या लोशनची पहिली बाटली आली ना, तर बाबांनी नाकाशी धरली. डोळे मिटले. 'वा' म्हणाले. वा! माझी वडी त्यांनी आजवर हुंगलेली नाही. मी काही म्हणत नाही."

"म्हणालीस की."

"तुम्ही विचारलंत म्हणून. आता खरेदी आणि सगळ्या किल्ल्या एकीच्या हातात द्यायच्या म्हणतायत बाबा. कुणाच्या, ते मला विचारू नका."

"नाही विचारत. ग्लिसरिनलाही हीच काठी लावायची, हे कुणी ठरवलं?"

तार लादीत अडकली.

"घरची पद्धतच आहे," थोरली म्हणाली.

धाकटी आपल्या खोलीत रिकाम्या बाटल्या पुसत होती. पुसून झालेल्याच पुन्हा पुसत होती.

"मी म्हटलं होतं, आपण काटा घेऊ," ती म्हणाली. "ताई म्हणाल्या, बाबांची काठी असताना काटा? त्यांच्या मनाला लागेल. आणि काठीवर स्वच्छ कोरलंय, किलो. मी गप्प बसले."

"सील का तोडलंस?"

"मागचं पिंप जळकट वासाचं होतं. तो ग्लिसरिनवाला समोर असतानाच वास दाखवायचा होता, नंतर तो नाही म्हणतो. आत्याबाई, तुम्ही खरं शोधाल. बाबांनाही पटेल. पण हा जे म्हणाला, 'घरात तरी कशाला', ते तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

"मी चोर नाही हे ह्याला उद्या कुणीतरी सिद्ध करून दाखवायचं. आज त्याला आपलं आपण कळायला काय झालं होतं?"

ते मोजायचं माप आत्याच्या खात्यात नव्हतं.

बाहेर पडवीत दोन भरलेली पिंपं उभी होती. नुकतंच आलेलं तेल उन्हात पातळ व्हायला ठेवलेलं, आणि शेजारी ग्लिसरिनचं चौथं, ज्याला भीतीने कुणी हात लावला नव्हता. आत्याने दोन्ही झाकणं उघडली. दोन्हींत आत बोट घातलं. दोन्ही काठापासून एकच पेर खाली.

मग तिने बाहेरची छपाई वाचली. एकावर एकशे ऐंशी किलो. दुसऱ्यावर अडीचशे.

ती तिथेच पायरीवर बसली आणि मोठ्याने म्हणाली, "दादा, काय करून ठेवलंस रे."

दीडशे

"स्वयंपाकघरातला छोटा काटा आणा," आत्या म्हणाली. "आणि एक तांब्या."

सगळे टेबलाभोवती जमले. मोरीचं काम झालेला प्लंबर पैसे घ्यायला दारात थांबला होता. तो हलला नाही. एवढं सोडून कोण हलेल?

आत्याने रिकामा तांब्या ठेवून काटा शून्यावर आणला. मग काठोकाठ पाणी भरलं. एक किलो.

पाणी ओतून, तांब्या पुसून त्यात खोबरेल भरलं. तेवढंच, काठोकाठ. काट्यावर नऊशेवीस ग्रॅम.

मग ग्लिसरिन. एक किलो दोनशे साठ.

"काटा बिघडलाय," बाबा म्हणाले.

"तांब्या तोच आहे ना?"

"तोच."

"भरला तेवढाच ना?"

बाबांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"दादा, काठीला वजन कळत नाही. काठीला उंची कळते. टाकीत किती जागा भरली, एवढंच ती सांगते. तू पाणी तोलून खुणा केल्यास, म्हणून ती पाण्याचे किलो सांगते. पाण्याचा किलो म्हणजे लिटर, तिथे सगळं जुळतं. पण ग्लिसरिन जड. तेवढंच वजन कमी जागेत मावतं. पाण्याचे शंभर किलो मावतात तेवढ्या जागेत ग्लिसरिनचे एकशे सव्वीस मावतात. त्या हिशेबाने अडीचशे किलो धर. काठी किती दाखवेल? एकशे अठ्ठ्याण्णव."

"तेच दाखवलं," धाकटी हळूच म्हणाली.

"तिन्ही वेळा तेच दाखवलं. चोर दर वेळी इतकं नेमकं चोरत नसतो, बाळ. नेमकं चुकते ती काठी."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. ती तांब्याकडे बघत होती, जणू त्याच्यासारखं प्रेक्षणीय जगात काही नाही.

"म्हणजे चोरी झालीच नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला. "चला. संपलं."

"ग्लिसरिनची नाही झाली," आत्या म्हणाली. "तेलाची झाली. दर पिंपाला. कित्येक वर्षं."

थोरली ताडकन उठली. "माझ्या तेलात थेंबाचा फरक नाही!"

"तेच तर," आत्या म्हणाली.

एकशे ऐंशी

"तेल हलकं. एकशे ऐंशी किलो तेलाला जागा जास्त लागते. ही काठी त्याला एकशे शहाण्णव म्हणणार. म्हणायलाच हवी. तुझ्याकडे ती कायम एकशे ऐंशी म्हणते. बरोबर आकडा आला, म्हणून कुणी शंका घेतली नाही. पण या काठीवर तेलाचा बरोबर आकडा येणं हेच चूक आहे. दर वेळी वरचं एक बादलीभर तेल कुठेतरी जातं."

आत्याने रुमालाची गाठ सोडून तो पांढरा गोळा टेबलावर ठेवला. तो आता निम्मा झाला होता.

"खोबरेल थंडीत गोठतं. उन्हाळ्यात मोरीतून निमूट निघून जातं. थंडीत नळीतच बसतं."

"तरीच!" प्लंबर दारातून म्हणाला.

"आता एकच राहिलं. काठी वजन चुकवते, हे या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि धाकटी काटा आणू म्हणाली, तेव्हा त्याच माणसाने तिच्या हातात काठी दिली."

थोरली बसली. फुटलेले हात तिने टेबलावर पालथे ठेवले.

"पहिल्या वर्षी मी खरं सांगितलं होतं," ती म्हणाली. "बाबा, आठवतं का? मी म्हटलं, सोळा वर आलंय. तुम्ही म्हणालात, वर आलं म्हणजे दुसऱ्याचं आलं, तीही चोरीच. 'तुझ्या सासूच्या हातून कधी वर-खाली झालं नाही.' पुढच्या पिंपालाही वर आलं. त्याच्या पुढच्यालाही. मला वाटलं, माझ्याच हाताला काहीतरी झालंय. मग दुपारी सगळे जेवायला बसले की मी बादली घ्यायला लागले."

"विकायचं तरी," धाकटा म्हणाला.

"मी चोर नाही, भावोजी." ती खरोखर दुखावली होती. "मला तेल नको होतं. मला 'हं' हवं होतं. मेलेल्या बाईशी बरोबरी करत होते मी, आणि कशीबशी जमवली होती. तेवढ्यात ही आली. हिला पहिल्याच बाटलीला 'वा'."

"म्हणून मला चोर ठरवलंत?" धाकटीने विचारलं.

"नाही गं. मला वाटलं, तुझंही वर येईल. तूही माझ्यासारखी बादली घेऊन मोरीशी वाकशील. निदान दोघी तरी होऊ. खाली येईल हे मला काय माहीत?"

"पण खाली आलं. तेव्हा तुम्ही बोलू शकत होता."

"हो."

"तेव्हा काय वाटलं?"

थोरलीने वर पाहिलं. "बरं वाटलं," ती म्हणाली.

काटा अजून चालू होता. त्यावरचा तांब्याचा आकडा लुकलुकत होता.

"एक आणखी," आत्या म्हणाली, कारण कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. "कढईसाठी टाकीतून तेल काढतानाही तू काठीच लावतेस. शंभर म्हणून ब्याण्णवच पडतं, आणि कॉस्टिक सोडा मात्र शंभराला पुरेल एवढा. म्हणून तो साबण हात खातो. आणि हिचं काठीवरचं दहा किलो ग्लिसरिन म्हणजे खरं साडेबारा, म्हणून लोशन चिकट."

"आपला साबण हात खातो?" बाबांनी विचारलं.

सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

"कॉलर मात्र झकास निघते, मालक," प्लंबर म्हणाला.

एकशे शहाण्णव

मोठा काटा आला. बाबांनी काठी फेकू दिली नाही. आत्याने किलो शब्द खरवडून तिथे लिटर कोरलं, आणि निघताना चपला घालता घालता म्हणाली, "काठी खोटारडी नव्हती, दादा. तू तिला भलतंच विचारत होतास."

धाकटा दोन दिवस बायकोच्या मागे मागे फिरला. शेवटी खोलीच्या दारात उभा राहिला. "काहीतरी बोल ना."

"पाय पुसून ये," ती म्हणाली.

तो इतका खूश झाला की पायपुसणं फाटेल एवढे पाय पुसत राहिला. पण ती हसली नव्हती, आणि त्या रात्री ते त्याच्या लक्षात आलं.

तेलाचं पिंप ओतायची वेळ आली तेव्हा थोरली टाकीपाशी उभी होती. हातात सवयीने बादली. बाबा खुर्ची ओढून समोर बसले होते. धाकटी आत आली, तिने थोरलीच्या हातातली बादली काढून घेतली, जमिनीवर उपडी घातली आणि तिच्यावर बसली.

"वाचा," ती म्हणाली.

"मला काढून टाकायचं असेल तर सांग. मी बाबांना—"

"तुम्हाला बरं वाटलं, हे मी विसरणार नाही, ताई. वाचा."

"विसरू नकोस," थोरली म्हणाली. तिने काठी बाहेर काढली, उजेडात धरली. खूण तिला न बघताही ठाऊक होती. तरी तिने ती पाहिली.

"एकशे शहाण्णव," ती मोठ्याने म्हणाली.

बाबा उठले, फळीपाशी गेले, नव्या मापाने केलेल्या साबणाची एक वडी उचलली आणि नाकाशी धरली. त्यांचे डोळे मिटले.

थोरली काठी पुसत होती, तिने ते पाहिलं नाही. धाकटीने पाहिलं. आणि तिला ते आवडलं नाही.

तळाखाली

थोरली लग्न होऊन या घरात येण्याच्या आधी, टाकी सासूबाईंच्या ताब्यात होती तेव्हाही, मागची मोरी दर थंडीत तुंबत असे.